गंधर्व कंपनी अत्तरानं बुडाली, हे लिहिणं आता तरी थांबवा

पायपेटी
गेल्या आठवड्यात एकच पोस्ट तीन ग्रुपांवर आली. म्हणे बालगंधर्वांनी अत्तर, शालू न् गालिच्यांवर पैसा उधळला म्हणून गंधर्व नाटक मंडळी बुडाली, मराठी माणसाला धंदाच कळत नाही. खाली शंभर लोकांचे अंगठे. पहिल्या दिवशी गप्प बसलो, आज नाही बसवत.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघं भागीदार किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. तीन वर्षांत स्वयंवर नाटक, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. मग १९१९ला एकच प्याला. ज्यांना फक्त शालू दिसतात त्यांनी त्यातल्या सिंधूचं ठिगळाचं लुगडं आठवावं. भूमिकेला भरजरी लागलं तर भरजरी, ठिगळ लागलं तर ठिगळ, याला उधळपट्टी म्हणायचं का?

आणि खर्चाचं म्हणाल तर तो अत्तरात नव्हता, कोठीत होता. माझे आजोबा एका नाटक कंपनीत (गंधर्व नव्हे, दुसरी, लहान) आचाऱ्याच्या हाताखाली होते. कंपनी म्हणजे चालतं बिऱ्हाड. नट, साथीदार, शिंपी, पडदेवाले, प्रॉम्प्टर, कुणाकुणाची बायकापोरं, सगळे एका पंगतीला. पावसानं खेळ रद्द झाला तरी सकाळी पीठ तेवढंच मळायला लागायचं असं आजोबा सांगायचे. गाव बदललं की पडदे, पेट्या, भांडीकुंडी सगळं रेल्वेनं. हा हिशेब कुणी मांडत नाही, अत्तराची बाटली मात्र सगळ्यांना दिसते.

हिशेबी
तुमचं प्रेम समजतं पण तुम्ही स्वतःच माझा मुद्दा सिद्ध केलात. खेळ होवो न होवो एवढी माणसं जेवायला घालायची हा निर्णय कुणाचा? मालकाचाच ना? टेंबे काही वर्षांत बाहेर पडले, मग बोडसही गेले. हिशेब विचारू शकतील अशी दोन्ही माणसं गेली आणि कंपनी एका कलावंताच्या मर्जीवर राहिली. १९२०ला द्रौपदी नाटक केलं ते केवढ्या थाटानं! कर्ज झालं ते नंतर नाटकं करूनच फेडलं, त्याबद्दल आदर आहेच, पण कर्ज फेडलं म्हणून कर्ज करणं बरोबर ठरत नाही.

अनुभवाने बोलतोय. आमच्या हौशी ग्रुपचे हिशेब मी सहा वर्षं बघितले. एका दिग्दर्शकाने मखमलीच्या पडद्यासाठी हट्ट धरला, मी नको म्हटलं, सगळ्यांनी मला रुक्ष ठरवलं. पाच प्रयोगांचा दौरा होता, तीन झाले, टेम्पोचं भाडं मी खिशातून भरलं. तेव्हापासून "कलेसाठी" हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

रंकाळा
सगळी चर्चा परत गंधर्वांवरच. संगीत नाटक म्हटलं की एकच नाव, बाकी सगळे काय तिकिटं फाडत होते काय? केशवराव भोसले नावाचा माणूस होता. पोरवयात शारदा नाटक गाजवलं, अठराव्या वर्षी म्हणजे १९०८ला हुबळीत ललितकलादर्श ही नाटक कंपनी उभी केली, मागं ना पैसा ना कुणी मोठा वशिला. ८ जुलै १९२१ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांचं मिळून संयुक्त मानापमान नाटक झालं त्यात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव, बरोबरीनं उभे होते. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, वय एकतीस.

सवाई_श्रोता
केशवरावांचा मान राखूनच लिहितो, पण बरोबरी कशाला? त्यांचं गाणं दणदणीत, तारसप्तकातलं, टाळ्या घेणारं. गंधर्वांचं शब्दातून झिरपणारं. एक पिटाला, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाला जिंकतं, दुसरं जाणकाराला.

रंकाळा
हे बघा, इथंच डोकं फिरतं. पिटाला म्हणजे काय? आम्ही पिटात बसणारे आणि जाणकार तेवढे तुम्ही? दोघांपैकी एकालाही तुम्ही रंगमंचावर ऐकलेलं नाही, मीही नाही. मग हे झिरपणं न् दणदणणं कुठून आणलंत? कुणाच्या तरी आठवणी वाचून. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. मी त्या रात्री रस्त्यावर उभा होतो. शाहू महाराजांनी बांधलेलं थेटर, माझ्या वडलांनी मला पहिलं नाटक तिथंच दाखवलं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ नुसते भिंतीकडं बघत हात जोडून उभे होते. तुम्ही तेव्हा कुठल्या सप्तकात होता?

सवाई_श्रोता
थेटर जळाल्याचं दुःख मलाही झालं, त्याचा गायकीशी संबंध लावू नका. "पिट" शब्द चुकला, मागे घेतो. बाकीचं मत तेच.

मलप्रभा
कोल्हापूर-पुणे भांडून घ्या, पण सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातले. ललितकलादर्श हुबळीतली. हुबळी-धारवाडच्या प्रेक्षकाने ही मराठी पदं पाठ केली होती. माझी आजी घरात कन्नड बोलायची आणि भाकरी थापताना सौभद्रातली पदं म्हणायची. आता सीमेचा वाद निघाला की आम्ही आठवतो, नाटकाचा इतिहास लिहिताना नाही.

रंकाळा
मान्य. केशवरावांना हुबळीनंच उभं केलं, हे आमच्याकडंही कुणी मोठ्यानं बोलत नाही.

पडद्यामागे
मूळ प्रश्नावर येऊ का? कंपन्या का बसल्या याचं उत्तर तारखांमध्ये आहे. १९३२ला अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला, त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. म्हणजे गंधर्व कंपनीचा एक संस्थापकच पडद्यावर गेला. १९३४ला दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत नाटक मंडळीने नाटक सोडून कृष्णार्जुन युद्ध हा सिनेमा काढला. १९३५ला खुद्द बालगंधर्व प्रभातच्या धर्मात्मा सिनेमात संत एकनाथ झाले. सगळ्यांचीच अत्तराची बिलं एकाच वेळी थकली होती असं म्हणायचंय का? बोलपटाचे डबे एका माणसाबरोबर गावोगाव जातात, कंपनीला रेल्वेची वाघीण (मालडबा) लागते. तिकीट स्वस्त, खेळ रोज तीनतीन, वन्समोअरसाठी कुणाचा गळा जात नाही.

शिवाय १९३३ला आंधळ्यांची शाळा हे नाटक आलं, बायकांच्या भूमिका बायका करायला लागल्या, पदं तुरळक. प्रेक्षकाची सवयच बदलली.

हिशेबी
बोलपटाचा मुद्दा मी कमी धरला होता, ठीक आहे. पण मग ललितकलादर्श कशी टिकली? केशवराव गेले, बापूराव पेंढारकरांनी चालवली, तेही १९३७ला गेले, तरी भालचंद्र पेंढारकरांनी परत उभी केली. १९५७ला दुरितांचे तिमिर जावो, नंतर पंडितराज जगन्नाथ ही नाटकं केली. तेव्हाही सिनेमा होताच की.

पायपेटी
टिकली कारण कंपनीची रीतच बदलली होती. अण्णा (भालचंद्र) पेंढारकरांच्या काळात नट आपापल्या घरी राहायचा, प्रयोगाची नाइट, म्हणजे प्रयोगागणिक पैसे, घ्यायचा. प्रयोग नाही तर नाइट नाही. बिऱ्हाड नाही, कोठी नाही. तुम्ही म्हणता तसा चोख हिशेब तिथे बसला, मी नाकारत नाही. पण त्या हिशेबात तिरखवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी बारा महिने एका नटाबरोबर राहिली नसती. गंधर्वांनी ती माणसं पोसली, म्हणून तो आवाज तसा लागला. पैसा तिथे गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता असं माझं मत आहे.

माझ्या आजोबांना त्या कंपनीने शेवटचे चार महिने पगार दिला नव्हता. ते सांगताना चिडायचे, पण जेवायला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घातलं हेही लगेच सांगायचे.

हिशेबी
पगार थकवून जेवायला घालणं हा चांगला व्यवहार नाही, हे मी तुमच्या आजोबांच्या बाजूने बोलतोय. तबला-सारंगीचं पटलं, तो खर्च मी उधळपट्टीत धरणार नाही. अत्तराची पोस्ट मीही पुढे पाठवली होती, ती त्या ग्रुपांवरून काढतो. द्रौपदीबद्दल लिहिलं ते मात्र मागे घेत नाही.

रंकाळा
आणि संयुक्त मानापमानातल्या बरोबरीचं काय? त्यावर अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही.