खांद्यामागचा कॅमेरा आणि ‘मेलेली’ रेसिडेंट ईव्हिल

सिडकोकर: “२००५ला कॅमेरा हिरोच्या खांद्यामागे गेला आणि रेसिडेंट ईव्हिल ही हॉरर व्हिडिओ गेमची मालिका मेली,” अशी पोस्ट काल कुणीतरी ठोकून दिलीय. गेम खेळला का रे, की नुसते व्हिडिओ बघितले? चौथ्या भागात कॅमेरा बदलला, पण नेम धरला की पाय जमिनीला चिकटलेलेच. पाचव्यातही तेच. नंबरवाल्या भागांत चालता चालता गोळी झाडणं २०१२ला, सहाव्यात आलं. थांबून मारू की पळू, ही घालमेल तिथे संपली.

गंगापूररोडवाला: पोस्ट माझीच. पाय चिकटले, बरं. सामानाचं काय? पहिल्या भागात क्रिस किंवा जिल होऊन खेळायचं; सामानाला क्रिसला ६ स्लॉट म्हणजे कप्पे, जिलला ८. किल्ली, जखम भरणारा हर्ब, गोळ्या सगळं त्यातच कोंबा. खेळ सेव्ह करायला लागणारी शाईची रिबन, तीही एक स्लॉट खाणार. चौथ्यात ब्रीफकेस आली, किल्ल्या वेगळ्या, रिबन गायब, वर मेलेला माणूस गोळ्या टाकून जातो. भीतीच्या वाड्याची जत्रा केली राव.

सिडकोकर: जत्रेत गोळ्या उधळून बघ, पुढच्या दारात चाकूच उरतो. शत्रूच्या गुडघ्यात एक गोळी, तो वाकला की जवळ जाऊन लाथ, शेजारचेही आडवे. ही काटकसरच आहे.

पंचवटीकर: तुमचं बरंय. झेल्डा ही दुसरी गेम मालिका खेळणाऱ्यांना विचारा! तिच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये तलवार म्हणजे कुल्फीची काडी, चार वार केले की मोडली.

द्राक्षबाग: काडी वापरता येत नाही म्हण. मोडण्याचा इशारा आला की फेकून मार, तुटताना दुप्पट लागतं. १३ हार्ट (जिवाचे बदाम) झाले की मास्टर सोर्ड ही खास तलवार घे. ती मोडत नाही, १० मिनिटं दमते फक्त.

पंचवटीकर: दमणारी तलवार! म्हणूनच २०२३ला पुढच्या भागात, टिअर्स ऑफ द किंगडममध्ये, वस्तू हत्याराला जोडायच्या फ्यूजचं ठिगळ लावलं ना?

द्राक्षबाग: ठिगळ असतं तर मोडणंच काढलं असतं. ते ठेवलं आणि राक्षसांच्या शिंगांना भाव आणला. काठीला शिंग जोड, मोडलं की दुसरं. चांगलं वेपन असेल तर रॉक ऑक्टोरॉक नावाच्या ऑक्टोपससारख्या राक्षसापुढे टाक, गिळून नीट करून थुंकतो. एकाच ऑक्टोरॉककडे लगेच दुसऱ्यांदा नेलं तर काही होत नाही, मग बोंबलत येऊ नकोस.

पंचवटीकर: तलवार सांभाळायला ऑक्टोपस शोधत हिंडायचं. धन्य!

गंगापूररोडवाला: धागा कुणाचा, चाललंय काय! असो. रेसिडेंट ईव्हिलच्या सातव्यात कॅमेरा थेट हिरोच्या डोळ्यांत गेला, तरी बंद घर, मोजक्या गोळ्या आणि सामानाची पेटी परत आली. म्हणजे कॅमेऱ्याने मारलं नव्हतं. सहाव्याने मारलं. खूश?

सिडकोकर: हेच तर म्हणतोय सकाळपासून! मिसळीवर चीज किसलं तरी खाली काळा रस्सा असेल तर चालतं.

पंचवटीकर: चीज? मिसळीवर? तू नाशिकचाच ना?