बुलेटवरचा तो लाल झेंडा काढायला सांगू का?

प्रश्न (सातारा, गोडोली): पुतण्यानं बुलेटच्या टाकीवर स्टिकर लावलंय: लाल झेंडा, निळी फुली, त्यात १३ पांढरे तारे. "काका, नुसती डिझाइन आहे," म्हणतो. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या अमेरिकन दक्षिणेचा ना हा? मला बघवत नाही.

कराडकर: तोच. १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून वेगळं झालेल्या त्या दक्षिणेचे उपाध्यक्ष स्टीव्हन्स जाहीर बोलले होते, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या राज्याचा पाया. डिझाइन कसली!

वाईकर: पण दादा, तिकडं काही घरांत तो लढाईत पडलेल्या पूर्वजाची आठवण म्हणून जपतात. घरात ठेवणं वेगळं, चौकात मिरवणं वेगळं. तिथल्या साऊथ कॅरोलिना राज्यात २००० पर्यंत विधानभवनाच्या घुमटावर होता, मग आवारात. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय मारले गेले, तेव्हा कुठं उतरला.

खटावची ताई: जोतिबांचं मूळ गाव आमच्या तालुक्यातलं कटगुण. १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केलं. भाऊ, पोराला ती अर्पणपत्रिका वाचायला द्या. ओरडू नका.

प्रश्नकर्ता: ताई, पुस्तक घरात आहे. आज रात्रीच देतो.