‘पावत्या’ फोल्डर कुठे गेलं? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

सेक्रेटरी: वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची आहे, ऑडिटर मागे लागलेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘मेंटेनन्स’ फोल्डर दोन ठिकाणी दिसतंय आणि ‘पावत्या’ कुठेच नाही!

खजिनदार काकू: डेस्कटॉपवर गर्दी झालेली म्हणून परवा मीच माऊसने ओढून ठेवली. मेंटेनन्स डी ड्राइव्हला, पावत्या डॉक्युमेंट्समध्ये. दोन्ही सारखीच ओढली, मग एक तिथेही राहतं नि दुसरं जातं, हे काय?

सी-३०३: काकू, विंडोजची रीतच ती. त्याच ड्राइव्हवर ओढलं तर फोल्डर हलतं. दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ओढलं तर कॉपी होतं, मूळ जागच्या जागी. आपल्या ऑफिसात डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स दोन्ही सी मध्येच आहेत.

ए-१०४: तरीच पावत्या झटक्यात गेल्या असतील.

सी-३०३: हो, एकाच ड्राइव्हवर डेटा जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणून कलमांची बाग थोडीच उचलून नेतात! दुसऱ्या ड्राइव्हवर मात्र सगळं नव्याने लिहावं लागतं, म्हणून वेळ लागतो.

सेक्रेटरी: ते ठीक. पण डॉक्युमेंट्समध्ये पावत्या नाहीत, बघितलं.

सी-३०३: बटण जरा आधी सुटलं तर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जातं. तिथे ‘शिमगा फोटो’ आहे ना?

सेक्रेटरी: सापडलं 🙏 पालखीच्या फोटोंत!

बी-२०१: म्हणून मी ओढाओढ करतच नाही. कट, पेस्ट. विषय संपला.

सी-३०३: ओढायचंच असेल तर उजवं बटण दाबून ओढा. सोडलं की तोच विचारतो: इथे कॉपी, इथे हलवा की शॉर्टकट. ही सोय बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. डाव्याने ओढताना कंट्रोल धरलात तर कॉपी, शिफ्ट धरलात तर हलवणं, पण माऊसचं बटण सोडेपर्यंत ती की धरून ठेवायची. मधेच मन बदललं तर एस्केप. चुकीच्या जागी पडलं तर लगेच कंट्रोल-झेड.

ए-१०४: आमच्या मॅकवर कॉपीसाठी ऑप्शन धरतात.

खजिनदार काकू: बरं, मग डेस्कटॉपवरचं मेंटेनन्स उडवू का? मी कालच्या नोंदी डी मधल्यात केल्यात.

सेक्रेटरी: थांबा थांबा! लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल मी आज डेस्कटॉपवरच्यात चढवलंय.

सी-३०३: मग एकही उडवू नका, नि एकावर एक टाकूही नका. ‘रिप्लेस’ म्हणालात की एकाच्या नोंदी गेल्या. दोन्ही उघडून समोरासमोर ताडून बघायला हव्यात.

सेक्रेटरी: संध्याकाळी सातला ऑफिसात या. लाईट असली तर.