सपाट फरशीवर चालवून काय कळणार?

"चालता येतंय ना, मग ३५ टक्के बरोबरच," असं अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातल्या टक्क्यांबद्दल काहीजण म्हणतात. माझ्या काकांनाही तेवढेच मिळाले. गुळगुळीत फरशीवर चार पावलं चालवलं, झाली तपासणी. आमचं घर गुहागरकडे. रस्त्याला यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, पावसात पार शेवाळलेली. काका ती बसत बसत उतरतात. खरं तर पायाच्या अपंगत्वात चढउतार, जिना, उकिडवं बसणं, मांडी घालणं हेही बघायचं असतं, मार्गदर्शक सूचनांतच आहे! पण एसटीने तपासणीपर्यंत पोचलेल्या माणसाला "आलात की व्यवस्थित" हेच ऐकावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे, तसं कलम ५९ खाली अपीलही आहे. आम्ही केलंय. अर्ज अर्थात मीच नेऊन दिला.