पित्ताशय डावीकडे आहे, दुर्बिणीने ऑपरेशन करावं का?

सांगवीची भाची:
नमस्कार. माझी आत्या ५८ वर्षांची. जेवण झालं की डाव्या बरगडीखाली दुखायचं, कळ पाठीत जायची. डावीकडे दुखतंय म्हटल्यावर सगळ्यांना आधी ॲसिडिटी आणि मग हृदय आठवलं. सोनोग्राफीत यकृत डावीकडे, पित्ताशयही डावीकडे आणि त्यात खडे. एक्स-रेत हृदय उजवीकडे. रिपोर्टवर 'सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस' लिहिलंय, म्हणजे सगळे अवयव उलट्या बाजूला. सर्जन दुर्बिणीनेच करू म्हणतात. काकांचं म्हणणं, सगळं उलटं असताना पोट उघडूनच करावं. आत्या एवढंच विचारते, "माझ्यात काही वाईट आहे का गं?"

ओटी सिस्टर (निवृत्त), कोथरूड:
ताई, आधी आत्यांना सांगा, वाईट काही नाही. साधारण दहा हजारांत एखाद्याचे अवयव जन्मापासून असे आरशातल्यासारखे असतात.

अशा केसला मी हत्यारांची ट्रॉली लावलेली आहे. खरी अडचण सर्जनच्या हातांची होते. एरवी ते पेशंटच्या डाव्या बाजूला उभे राहतात, मॉनिटर उजव्या खांद्याशी. इथे मॉनिटर, असिस्टंट, छिद्रांच्या जागा, सगळं फिरवायचं. छातीच्या हाडाखालच्या छिद्रातून उजव्या हाताने पित्ताशय सोडवत जायची सवय असते. बाजू बदलली की ते काम डाव्या हाताकडे येतं आणि उजव्यानेच करायला गेलं तर हात एकमेकांवर येतात. काही सर्जन पेशंटच्या दोन पायांमध्ये उभे राहतात. काही जण पित्ताशयाची मान असिस्टंटला धरायला देऊन उजवा हात मोकळा ठेवतात. त्यामुळे वेळ जास्त लागतो. बाहेर बसलेल्यांनी घाबरू नये.

काकांना सांगा, अशा पेशंटचं दुर्बिणीने पित्ताशय काढल्याची पहिली नोंद १९९१ची आहे. डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी मुंबईत जे.जे.मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा केली ती १९९०मध्ये.

सर्जनना मात्र विचारा, आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करायची का? पित्तनलिकांची ठेवण वेगळी असेल तर ती त्यात कळते. क्लिप लावून कापण्यापूर्वी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि धमनी, स्वच्छ दिसायलाच हव्यात. इथे घाई नको म्हणजे नको. तसं दिसलं नाही तर पोट उघडण्याची संमती आधीच देऊन ठेवा.

भूलतज्ज्ञ, औंध:
सिस्टरांशी सहमत. आत्यांना लहानपणापासून सर्दी, सायनस, कफाचा खोकला आहे का? अशा काही जणांत श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांची हालचाल बिघडलेली असते. तसं असेल तर भूल देण्याआधी छाती नीट तपासून कफ मोकळा करून घ्यावा लागतो. ईसीजीचे लीडही उजवीकडे लावावे लागतात, नाहीतर पट्टी विचित्र येते आणि उगाच धावपळ होते.

सांगवीची भाची:
खोकला आहे! दर थंडीत, आणि कफ पुष्कळ. आम्ही धुळीवर ढकलत होतो. उद्याच सर्जनना सांगते. आत्याला तुमची पहिली ओळ वाचून दाखवली, मग तिने स्वतःच विचारलं, टाके कुठे येतील.

ओटी सिस्टर (निवृत्त), कोथरूड:
चार छोटे: एक बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली, बाकीचे डावीकडे. आणि ऑपरेशननंतर एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायला द्या: हृदय उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे, पित्ताशय काढलेलं. उद्या अपरात्री कुठल्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला कळलं पाहिजे.