मेडिकल लीव्ह घेऊन घरी यावं की तिथंच ओढत राहावं? परदेशात शिकणाऱ्या आपल्या पोरांच्या व्हिसाबद्दल चर्चा

शहापूरची अक्का:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आमच्या गल्लीतली एक पोरगी अमेरिकेत एमएस करायलीय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. तिला विचारूनच लिहायलेय, ओळख पटेल असं काही देत नाही. थंडी सुरू झाल्यापासून तिची झोप गेलीय, जेवण तुटलंय, लॅबमध्ये बसलं की छाती धडधडते आणि उठून बाहेर यावं लागतं. तिथल्या डॉक्टरनं डिप्रेशन म्हणून औषध चालू केलंय आणि अभ्यास थोडे दिवस थांबव म्हणून सांगितलंय. इकडं वडील म्हणायलेत सेमिस्टर सोडलंस की व्हिसा गेला, दात आवळून काढ हे वर्ष. आई म्हणायलीय उद्याच्या उद्या विमानात बस. पोरगी आता दोघांचेही फोन घ्यायचं टाळायला लागलीय.

माझं मत सांगते. तिनं लीव्ह घ्यावी, आणि वर्ग सोडायच्या आधी कागदावर मंजूर करून घ्यावी. व्हिसाच्या भीतीनं लीव्ह न घेता तसंच पडून राहणं ह्यातच जास्त धोका आहे. एफ-१ म्हणजे अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसावाल्या पोरांना दर सेमिस्टर फुल कोर्स लोड ठेवावा लागतो, बॅचलरला १२ क्रेडिट, मास्टर्सला युनिव्हर्सिटी ठरवेल तेवढे, बहुतेक ठिकाणी ९. पण त्याच नियमात आजारपणाची सूट पण लिहिलेली आहे. डॉक्टरचं पत्र असेल तर युनिव्हर्सिटीचा डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला जो माणूस सेव्हिसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डमध्ये, आपली नोंद ठेवतो तो, क्रेडिट कमी करायला परवानगी देऊ शकतो, गरज असेल तर अगदी शून्य क्रेडिट सुद्धा. एका डिग्रीच्या पातळीला सगळं मिळून १२ महिने ही सूट मिळते, फक्त दर सेमिस्टरला नवीन मंजुरी लागते. आणि घरीच यायचं असेल तर त्याला वेगळा रस्ता आहे, डीएसओ मंजुरीनं विथड्रॉवल, म्हणजे कोर्समधून बाहेर पडल्याचं, नोंदवतो आणि मग देश सोडायला १५ दिवस मिळतात. मंजुरी न घेता वर्ग सोडले तर ते १५ दिवस पण मिळत नाहीत, स्टेटस, म्हणजे तिथं राहायचा हक्क, त्याच क्षणी गेलं.

मला तुमचं मत पाहिजे, खास करून ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांचं.

उद्यमबागवाला:
अक्का, रागावू नका पण हे नियम वाचायला सोपे आहेत, निभवायला नाही. मी कर्जाचं बोलतो, कारण ते कुणी बोलत नाही. आपल्याकडं पोरगं अमेरिकेला जातं ते घर नाहीतर शेत बँकेकडं ठेवून. साडेसात लाखाच्या वरच्या कर्जाला सरकारी बँकांत साधारण तारण लागतं, आणि एमएसचं कर्ज त्याच्या किती पट असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पोरगी सहा महिने घरी बसली तर ते सहा महिने पगार पुढं गेला, आणि व्याज काय तिच्या आजारपणासाठी थांबणार नाही. तिचे वडील निर्दयी नाहीत हो, त्यांना रात्री झोप येत नसेल ते आकडे बघून.

दुसरी गोष्ट, आताचा काळ बघा. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं स्टुडंट व्हिसाच्या नवीन अपॉइंटमेंट देणंच थांबवलं होतं, जूनमध्ये परत सुरू केलं ते सोशल मीडियाची अकाउंट पब्लिक करून दाखवा ह्या अटीवर. २ सप्टेंबर २०२५ पासून तर ज्यांना आधी इंटरव्ह्यू माफ व्हायचा त्यातल्या बहुतेकांना पण परत समोर उभं राहावं लागायलंय. अशा दिवसांत एकदा आत गेलेल्या पोरीला बाहेर काढायचं? परत जाताना अडकली तर जबाबदारी कुणाची, मत देणाऱ्यांची का? माझं स्पष्ट मत, तिथंच राहावं, औषध घ्यावं, कमी मार्क पडू देत, डिग्री पूर्ण करावी.

शहापूरची अक्का:
कर्जाचं तुमचं म्हणणं खरं आहे, मी ते हलकं धरत नाही. पण कमी मार्क पडू देत म्हणता तर मास्टर्सला बहुतेक ठिकाणी बी सरासरी म्हणजे ३.० जीपीए लागतो, त्याच्या खाली गेलं की प्रोबेशन, आणि तरी सुधारलं नाही तर युनिव्हर्सिटीच काढून टाकते. मग सेव्हिस पण बंद आणि रेकॉर्डवर नापास पण. आजारपणात काढलेलं सेमिस्टर असंच संपतं बऱ्याच वेळा. कर्जाचं म्हणाल तर बँकांच्या मॉडेल एज्युकेशन लोन स्कीममध्ये कोर्स वेळेत पूर्ण झाला नाही तर २ वर्षांपर्यंत मुदत वाढवून देता येते असं लिहिलंय, आणि कारण हाताबाहेरचं असेल तर मंजूर करणारा अधिकारी त्याहून जास्त पण देऊ शकतो. म्हणजे हप्ता लगेच सुरू होत नाही. व्याज चढतं, ते मान्य. पण अर्ज केला तरच हे मिळतं, आणि आपल्याकडं लोक बँकेत तोंड उघडायला लाजतात.

निपाणीकर परदेशी:
मी स्वतः इथं पीएचडी करतोय म्हणून बोलतो. अक्का तुमचं अर्धं पटलं. लीव्ह म्हटलं की लगेच घरी येणं असं धरू नका, ते दोन वेगळे निर्णय आहेत. मेडिकल आरसीएल, म्हणजे अक्कांनी सांगितलेली क्रेडिट कमी करायची परवानगी, घेऊन इथंच थांबली तर सेव्हिस अॅक्टिव्ह राहतं, व्हिसाचा प्रश्नच येत नाही, डॉक्टर बदलायला लागत नाही. घरी गेली तर रेकॉर्ड बंद होतं. मंजुरीनं बंद झालं म्हणजे डाग नाही, पण घड्याळ सुरू होतं. ५ महिन्यांच्या आत परत आली तर तेच रेकॉर्ड बहुतेक वेळा चालू करून मिळतं. ५ महिने ओलांडले की नवीन आय-२० म्हणजे युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते तो कागद, सेव्हिसची ३५० डॉलर फी पुन्हा भरायची, बऱ्याचदा व्हिसा पण नवीन, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ओपीटीसाठी, म्हणजे शिकलेल्या विषयात तिथं काम करायच्या परवानगीसाठी, जे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष लागतं ते पुन्हा पहिल्यापासून मोजतात. उद्यमबागवाले काका ज्याला भितात ते हे आहे, आणि ते बरोबर आहे.

अजून एक रस्ता कुणी सांगितला नाही. हे सेमिस्टर संपलं की उन्हाळ्याची सुट्टी. दोन सेमिस्टर पूर्ण केली असतील आणि पुढच्या सेमिस्टरला नाव घालणार असेल तर त्या सुट्टीत घरी यायला लीव्ह लागत नाही, फक्त आय-२० वर ट्रॅव्हलची सही पाहिजे आणि व्हिसाची तारीख शिल्लक पाहिजे. आता आरसीएल घेऊन एखादाच विषय ठेवायचा, मे महिन्यात आईच्या हातचं खायला घरी यायचं, ऑगस्टला परत.

चिकोडीची आई:
तुम्ही सगळे क्रेडिट आणि सेव्हिस मोजायलाय. पोरगी एका खोलीत एकटी आहे, जेवत नाही, झोपत नाही, आणि तुम्ही मे महिन्यापर्यंत थांब म्हणताय? माझा मुलगा तिकडं आजारी होता तेव्हा मी त्याच्या युनिव्हर्सिटीला फोन केला तर ते म्हणाले तुम्हाला काही सांगता येत नाही, कायदा आहे, मुलगा मोठा आहे. फी आम्ही भरायची, कागद आमच्या नावावर, आणि पोरगं जिवंत आहे का तेवढं पण सांगणार नाहीत. तेव्हापासून माझं एकच मत, आजारी पोर आपल्या डोळ्यासमोर पाहिजे. ओपीटी गेलं तर गेलं. पोरगी धड असली तर बेळगावात पण चार पैसे मिळवेल, हुबळी आहे, पुणे आहे, बेंगळूर आहे.

निपाणीकर परदेशी:
काकू तो फेर्पा कायदा, विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय देऊ नये म्हणून. मुलानं स्वतः संमतीच्या फॉर्मवर सही केली तर आईवडिलांशी बोलतात. त्या पोरीला आजच सांगा, निदान आईच्या नावानं ती सही करून ठेव म्हणून. आणि तुमचं दुखणं मला कळतं, पण घरी आलं की बरं होतं हे दरवेळी खरं नसतं. घरी आलं की गल्लीतले दहा जण विचारतात का आलीस, कधी जाणार, नापास झालीस का. माझ्या ओळखीचा एक पोरगा त्या प्रश्नांनीच जास्त खचला.

खानापूरचा डॉक्टर:
मध्ये बोलतो, कारण पत्राच्या बाबतीत घोटाळा फार होतो. ह्या सवलतीसाठी लायसन्स असलेला मेडिकल डॉक्टर, तिकडचा ऑस्टिओपथीचा डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट ह्यांचंच पत्र चालतं. कॉलेजच्या काउन्सेलरकडं महिनाभर जाऊन बोललं, त्याचा फायदा नक्की होतो, पण तो नुसता काउन्सेलर किंवा सोशल वर्कर असेल तर त्याच्या पत्रावर आरसीएल होत नाही. इकडून घरच्या बीएएमएस डॉक्टरांची चिठ्ठी स्कॅन करून पाठवतात लोक, ती पण ह्यात बसत नाही. पत्रात आजाराचा सगळा इतिहास लागत नाही, ह्या सेमिस्टरला किती क्रेडिट झेपतील आणि कधीपासून कधीपर्यंत, एवढं स्पष्ट पाहिजे.

आणि निपाणीकरांनी गल्लीतल्या प्रश्नांचं लिहिलं ते पटलं. आपल्या भागात मनाच्या आजाराचं नाव काढलं की लोक धारवाडचं नाव घेऊन कुजबुजतात. धारवाडचं डिमहान्स हे चांगलं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं शिकलेली माणसं उपचार करतात, पण नाव घेताना आवाज खाली जातो. टायफॉइड झाला असता तर ह्याच वडिलांनी सेमिस्टर सोड म्हणून स्वतः सांगितलं असतं. माझा ह्या बाबतीत कुणाशीच समझोता नाही, जेवण आणि झोप दोन्ही गेलेल्या पेशंटला परीक्षा दे म्हणणं चूक आहे. तिथं राहायचं की इकडं यायचं हे नंतर ठरवा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे तिला आधी सरळ विचारा, विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. तिकडं अशा वेळी मदतीसाठी ९८८ नंबर आहे, कधीही लावता येतो. इकडं आईवडिलांना स्वतःला बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत पण बोलतात आणि कन्नडमध्ये पण.

उद्यमबागवाला:
डॉक्टरसाहेब तुमचा मान ठेवून सांगतो, टायफॉइड तीन आठवड्यांत जातो, हा आजार कधी जाईल हे तुम्ही लिहून द्याल का? नाही ना. मग बाप कशाच्या जोरावर हो म्हणेल? मी तिथं राहून आरसीएल घे ह्याला आता तयार आहे, निपाणीकरांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. पण घरी बोलवायच्या मी विरोधातच आहे. आणि इन्शुरन्सचं कुणी बघितलंय का? शून्य क्रेडिट केलं आणि युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स बंद झाला तर तिकडच्या एका ॲडमिटचं बिल आपल्या कर्जाएवढं येईल.

निपाणीकर परदेशी:
काका हा मुद्दा एकदम बरोबर काढलात. काही प्लॅनमध्ये सेमिस्टरचे पहिले ३१ दिवस वर्ग अटेंड केले असतील तरच पुढचं कव्हर टिकतं. त्याच्या आत विथड्रॉ केलं तर इन्शुरन्स रद्द. फॉर्मवर सही करायच्या आधी इन्शुरन्सच्या ऑफिसला लेखी विचारायचं, ईमेलनं, उत्तर जपून ठेवायचं. फी परत मिळायची पण तारीख असते, ती उलटली की मेडिकल कारणासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

टोरांटोतला टिळकवाडीकर:
कॅनडावाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नका. इथं मंजूर लीव्ह १५० दिवसांपर्यंत असेल तर तुम्ही शिकताय असंच धरतात, पण लीव्हवर असताना काम बंद, कॅम्पसवर पण नाही. इथं आपली बरीच पोरं लीव्ह घेऊन गुपचूप दुकानात उभी राहतात आणि नंतर वर्क परमिटला अर्ज करताना रडतात. यूकेत साधारण ६० दिवसांच्या वर खंड पडला की युनिव्हर्सिटी स्पॉन्सरशिप काढून घेऊ शकते, गंभीर आजाराला थोडी मोकळीक आहे. बाकी मी अक्कांच्या बाजूनं, आधी सांगा मग थांबा.

चिकोडीची आई:
उद्यमबागवाले भाऊ, आजार कधी जाईल हे कुणी लिहून देत नाही म्हणून पोरगी तिथं ठेवायची, हे मला कधीच पटणार नाही. घर गहाण आहे हे तिला पण माहीत आहे, त्या ओझ्यानंच ती इतके दिवस बोलली नाही. अक्का, तिच्या आईला माझा निरोप द्या, पोरीला येता येत नसेल तर आईनं जावं. व्हिसा मिळाला तर मी सोबत कागद करून देईन, आमच्याकडं उतारा, उत्पन्नाचा दाखला सगळं कन्नडमध्ये येतं, त्याचं भाषांतर कुठं करून मिळतं ते पण सांगीन.

शहापूरची अक्का:
आई जायचा विचार खरंच चांगला आहे, पण टुरिस्ट व्हिसाचा इंटरव्ह्यू लगेच मिळत नाही आणि पोरीला आत्ता गरज आहे, म्हणून दोन्ही धरून ठेवूया.

आज तिच्याशी परत बोलले. डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न सरळ विचारला, थोडा वेळ गप्प बसली मग म्हणाली तसले विचार येत नाहीत, पण सकाळी उठायची इच्छा होत नाही. खोलीतली मैत्रीण रात्री सोबत झोपते म्हणाली. उद्या डीएसओची वेळ घेतलीय, डॉक्टर पत्र द्यायला तयार आहे. निपाणीकरांचा रस्ता, म्हणजे एक विषय ठेवून मे महिन्यात यायचं, हा तिला पण बरा वाटतोय, पण डॉक्टर शून्य क्रेडिट म्हणाले तर शून्यच, तिथं मी घासाघीस करू देणार नाही. वडील अजून हो म्हणाले नाहीत. उद्यमबागवाले, तुमचं त्यांच्याशी पटेल असं वाटतंय, बँकेत मुदत वाढवायचा अर्ज घेऊन त्यांच्यासोबत जाल का? तुमचं मत बदला म्हणत नाही.

आणि काकू, तिच्या आईनं काल तिकीट बघायला सुरुवात केली, सांबऱ्याच्या विमानतळाहून मुंबई आणि पुढं. मी थांबवलंय. घरी यायचंच ठरलं तर डीएसओनं नोंद केल्यावरच तिकीट काढायचं, १५ दिवस त्या नोंदीपासून मोजतात, आणि ती नोंद व्हायच्या आधी तिनं एक पण वर्ग ड्रॉप करायचा नाही.