उत्तर: उत्तर: सोलापूर हुरडा: पेंटबॉलचे मास्क कमी पडताहेत

नमस्कार,
पुण्याच्या माणसाचा आत्ता निरोप आला. मोहोळ रस्त्याच्या शेतावर तो १६च मास्क आणणार, आपली नावं २३. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आदल्या रविवारी सकाळी पेंटबॉल खेळायचंय, म्हणजे बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या, लागेल तो बाद. त्याला आगाऊ पैसे उद्या द्यायचेत, आज रात्रीपर्यंत कळवा.
विद्या

---

ताई, ८-८चे दोन संघ करू. उरलेले बांधावर बसून बघतील, दहा मिनिटांनी बदली.
महेश

---

महेश, बांधावरच्यांच्या डोळ्यांचं काय? गोळी सेकंदाला ३०० फुटांपर्यंत वेगाने सुटते. मैदानाच्या कडेला मास्कशिवाय कोणीच नको, आजी नको आणि फोटो काढणाराही नको. एकतर जाळी लावायला सांगा, नाहीतर बसायची सोय गोठ्यापलीकडे करा. शिवाय पंचालाही मास्क लागतो, म्हणजे उरले १५. ७-७ खेळा, एक शिल्लक ठेवा. काचेवर वाफ धरली तरी मैदानात मास्क काढायचा नाही. हात वर करून बाहेर यायचं, बंदुकीच्या नळीला टोपी घालायची, मग काढायचा.
सुजाता

---

क्रीडा समितीला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत ही विनंती. क्रिकेटच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेल.
सराव मी घेईन. नवखे एका आडोशामागे तिघं-चौघं दाटी करतात, समोरचा एकजण बाजूने वळसा घालून आला की सगळे एकदम बाद. म्हणून जोड्या पाडायच्या. एकाने गोळ्या मारून समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, तेवढ्यात दुसऱ्याने पुढचा आडोसा गाठायचा. पळण्याआधी ‘निघालो’ म्हणून ओरडायचं, गोळ्या संपत आल्या तर तेही ओरडून सांगायचं. कबड्डीतली साखळी सुटली की जे होतं तेच इथे गप्प बसल्यावर होतं. आडोशांना आधीच नावं द्या: विहीर, ट्रॉली, गंजी. ‘डावीकडे’ ओरडून भागत नाही, तुमच्याकडे तोंड करून उभ्या जोडीदाराचं डावं वेगळं असतं.
प्रकाश

---

प्रकाश, पोरांना हेही सांग. पहिला सामना २७ जून १९८१ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात झाला. १२ जण होते, हातात झाडांवर नि गुरांवर खुणा करायची पिस्तुलं. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, एकही गोळी न मारता!
श्रीनिवासकाका

---

काका, तेव्हा जो तो स्वतःपुरता खेळत होता. आपल्याकडे संघ आहेत. एकटा लपून बसला तर त्याच्या जोडीदाराने काय करायचं?
प्रकाश

---

गोळीचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं, हे कोणी पाहिलंय का? आमच्या घरी चालणार नाही. आधी सांगायला हवं होतं.
माधुरी

---

माधुरीवहिनी, तुमचं बरोबर आहे, हे नावं घेतानाच लिहायला हवं होतं. आता सगळ्यांना कळवते. ज्यांना नको ते आगटीपाशी हुरडा भाजायला या, तिथेही माणसं कमीच आहेत.
विद्या

---

जिलेटिनवरून सांगतो, खोकी गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने गोळ्या मऊ पडतात, ओल लागली की फुगतात. इकडे मागच्या थंडीत उलटं झालं, कडक होऊन नळीतच फुटत होत्या, अर्धा डाव नळी पुसण्यात गेला. सोलापुरात जानेवारीतही दुपारचं ऊन लई लागतं. सावलीत ठेवा, अकराच्या आत आटपा.
महेश

---

ठरलं. ७-७, पंच प्रकाशदादा, बाकीचे गोठ्यापलीकडे. जाळी आणायला सांगितलीय. शेंगाचटणी कोण आणतंय?
विद्या

---

चटणी आमच्याकडे लागली. पण चुलतभाऊ म्हणतो, कडब्याच्या गंजीला आडोसा करू नका, रंग लागलेला कडबा जनावरांपुढे टाकता येत नाही.
सुजाता

---

मग गंजी वगळा. विहिरीकडेही नको, कठडा बुटका आहे, मागे सरकताना पोरं पडतील. ट्रॉली राहू द्या आणि वाडीतले जुने टायर रचून घ्या.
प्रकाश